असाध्य आजारी मुलाशी मृत्यूविषयी बोलावे की न बोलावे? आपले अनुभव लिहा

काल एका कौटुंबिक नाटकात आईवडील मुलीच्या खोलीबाहेर डोळे पुसून हसत आत जाताना पाहिले आणि भाच्याचे अखेरचे वर्ष आठवले. त्याला डीआयपीजी, म्हणजे ब्रेनस्टेममधील (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागातील) कर्करोगाची गाठ होती. ती शस्त्रक्रियेने काढता येत नाही; रेडिएशननंतर काही महिने मूल सुधारते आणि मग आजार उलटतो. भाचा पुन्हा चालू लागला तेव्हा नातेवाईक ताईचे अभिनंदन करू लागले, आणि त्यांना काय उत्तर द्यावे हे तिला सुचेना. त्याला काही कळू द्यायचे नाही असे घरात ठरले होते. त्याने मात्र एका दुपारी आपली खेळणी कोणाला द्यायची याची यादी मला लिहायला लावली. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी लिहावे.

*

आमच्या मुलीला न्यूरोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांना होणारा मज्जापेशींचा कर्करोग होता. मी रात्रभर अहवाल वाचत असे, पत्नी तिच्या उशाशी बसत असे, आणि समोरचा वस्तुस्थितीपासून पळतो आहे असे आम्हा दोघांनाही वाटत होते. शेवटी मुलीनेच आईला विचारले, "मी गेल्यावर बाबा बुद्धिबळ कोणाशी खेळणार?" मी मुद्दाम हरतो असा तिचा आरोप होता. तो धादांत खोटा असल्याची नोंद येथे करून ठेवतो.

*

वरील प्रतिसाद वाचून हसू आले आणि डोळेही भरले. मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजाऱ्यांच्या वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेत, परिचारिका आहे. ही सेवा म्हणजे उपचार सोडणे नव्हे; जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार ती निदानापासूनच सुरू होते, मूळ उपचार चालू असोत वा नसोत. स्वीडनमध्ये कर्करोगाने मूल गमावलेल्या पालकांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मुलाशी मृत्यूविषयी बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना होता.

*

म्हणजे न बोललेल्या बहुतेकांनाही पश्चात्ताप नव्हता, हेही लिहायला हवे. आमचा मुलगा विषय निघाला की भिंतीकडे तोंड वळवी. आम्ही त्याचे ऐकले.

*

मान्य आहे. त्याच अभ्यासात, मुलाला कळले आहे असे जाणवूनही जे गप्प राहिले, त्यांच्यात खंत बरीच जास्त आढळली. म्हणून मी पालकांना मुलाचे प्रश्न ऐकायला सांगते. आपण होऊन भाषण देऊ नये.

*

भावंडांनाही विसरू नका. "दादा कायमचा झोपला" असे मला सांगितले होते, त्यामुळे पुढे कितीतरी दिवस मी झोपायला घाबरत असे. लहान मुलांना 'मरण पावला' हाच शब्द सांगावा.

*

घाईत विचारते आहे, क्षमस्व. मुलीला मॉर्फिन सुरू करायचे आहे आणि सासूबाई म्हणतात की तिला सवय लागेल. खरे आहे का?

*

ताई, डोस हळूहळू वाढवावा लागू शकतो, पण ते व्यसन नव्हे. ठरलेल्या वेळी द्यावे, दुखू लागण्याची वाट पाहू नये, आणि बद्धकोष्ठ होते म्हणून सोबत रेचक देण्याविषयी डॉक्टरांना आजच विचारावे. सासूबाईंनाही भेटीच्या वेळी सोबत न्या.