घरातल्या हायड्रोपोनिक्सला ऑटोमॅटिक डोसिंग लावावं का?

वरचा_मजला (विश्रामबाग, सांगली)
आपल्याकडं आता रिकाम्या खोलीत एलईडी लावून, मातीविना खताच्या पाण्यावर लेट्युस, बेसिल करणारे बरेच झालेत. चांगलंच आहे. पण दोन रॅक उभे राहिले की लगेच विचारणा सुरू होते, ईसी-पीएचचा (पाण्यातले क्षार आणि आम्लता मोजून खत-आम्ल सोडणारा) कंट्रोलर कुठला घेऊ, डोसिंग पंप किती लागतील. माझं मत सरळ आहे. शंभर-दीडशे लिटरच्या टाकीला खत आपोआप सोडणारं यंत्र लावू नका. दिव्यांना टायमर लावा, पाण्याच्या पातळीला फ्लोट लावा. खत मात्र स्वतःच्या हातानं घाला.

ईसी मीटर पाण्यात एकूण क्षार किती एवढंच सांगतो, कुठले ते सांगत नाही. वाळवा, मिरज, पलूसच्या क्षारपड पट्ट्यात कित्येक बोअरांचा ईसी मुळातच १ च्या वर असतो. लेट्युसला लागतो ०.८ ते १.२. म्हणजे चमचाभर खत न घालताच यंत्र म्हणणार, झालं पुरेसं! थोडं आरओचं पाणी मिसळलं तरी दुखणं जात नाही. झाड नायट्रेट आणि पोटॅश ओढून घेतं, सोडियम-क्लोराईड तसंच मागं राहतं, वरून रोज बोअरचं पाणी पडतंय. स्क्रीनवर १.२ चा आकडा हलत नाही आणि टाकीतलं खरं खाणं संपत आलेलं असतं.

नाइटशिफ्ट (कुपवाड)
दादा, ही तक्रार पाण्याची झाली, यंत्राची कुठं? हातानं खत घालणारा तरी काय बघून घालतो? तोच मीटर. त्यालाही १.२ च दिसणार की.

मी एमआयडीसीत शिफ्टला असतो. लेट्युस नायट्रेट उचलतं तसा पीएच वर सरकतो. ६.५ च्या पुढं गेला की खतातलं ईडीटीएनं बांधलेलं लोह टिकत नाही, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. रात्रपाळीच्या आठवड्यात पीएच खाली आणायला आम्ल घालत दिवसातून दोनदा टाकीशी कोण उभं राहणार? आई? तिला मी फॉस्फोरिक आम्लाच्या बाटलीला हात लावू देणार नाही.

द्राक्षवाला_तासगाव
आमचं आयुष्य फर्टिगेशनमध्ये, म्हणजे ठिबकातून खत देण्यात गेलं, म्हणून बोलतो. बागेत ०:५२:३४ खत जरा जास्त गेलं तरी जमीन सांभाळून घेते. तुमच्या टाकीत जमीनच नाही, चूक थेट मुळावर. त्यात नवी पोरं कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच कॅनमध्ये घट्ट कालवून पंप जोडतात. तळाला पांढरा गाळ बसतो, तो जिप्सम. कॅल्शियम पण गेलं, सल्फेट पण गेलं, वर नळी चोंदली ती वेगळीच. ए आणि बी असे दोन कॅन असतात ते शोभेला नाहीत. ज्याला हे हातानं जमत नाही त्याच्या हातात कंट्रोलर देऊन काय होणार?

अजिंक्यतारा_खाली (सातारा)
खरा घात प्रोब करतो, म्हणजे पाण्यात बुडवलेली मोजणारी कांडी. ओळखीतल्या एकाकडं पीएच प्रोब बिघडून ६.८ दाखवत होता, पाणी प्रत्यक्षात कधीच खाली गेलेलं. कंट्रोलर इमानदारीत रात्रभर आम्ल सोडत बसला. सकाळी मुळं तपकिरी, बुळबुळीत. हा प्रोब दर आठवड्याला ४ आणि ७ पीएचच्या बफर द्रावणात तपासावा लागतो, काढून ठेवला तर पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात ठेवावा लागतो. लोक आरओच्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग कंपनीला शिव्या.

नाइटशिफ्ट (कुपवाड)
त्याला उपाय आहे. पंप पाच सेकंद चालवायचा, मग वीस मिनिटं गप्प, पाणी फिरून मिसळू द्यायचं. दिवसाला ठरावीक डोसच्या पुढं कुलूप. आणि सगळ्यात साधं म्हणजे आम्लाच्या बाटलीत एका वेळी एवढंच पातळ आम्ल भरायचं, की सगळं जरी टाकीत गेलं तरी पीएच ५ च्या खाली जाणार नाही. प्रोब खोटं बोलला तरी बाटली रिकामी होऊन थांबते. रात्रभर आम्ल गेलं म्हणता, एवढं आम्ल तिथं ठेवलंच कुणी?

पेंडी_दहाला
एक भाबडा प्रश्न. एवढं करून लेट्युस खाणार कोण? सांगलीत मेथी मिळते अजून.

अजिंक्यतारा_खाली (सातारा)
पाचगणी-महाबळेश्वरची हॉटेलं घेतात हो. फक्त पानाची कड जळकी चालत नाही त्यांना. आणि ती कड डोसिंगनं सुधारत नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, आतल्या कोवळ्या पानाला वारा नसेल तर तिथवर पोचतच नाही. आधी पंखा घ्या.

वरचा_मजला (विश्रामबाग, सांगली)
बाटलीची युक्ती आवडली. पण आठवड्याला प्रोब तपासायचा, पंपाची नळी बदलायची, बाटली मोजून भरायची, मग माणूस सुटला कशातून?

पैसा कुठं घालायचा हा मुद्दा उरतोच. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पत्र्याखालच्या खोलीत टाकीचं पाणी ३० अंशांवर जातं. २० अंशांना लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच, आणि मुळं कुजवणाऱ्या पिथियमला हेच मानवतं. एनएफटीत (पन्हळीतून पाण्याचा पातळ थर वाहता ठेवतात त्या पद्धतीत) तर लाइट गेली की पन्हळी कोरड्या पडतात, मुळं तासा-दोन तासात माना टाकतात. आधी पंपाला इन्व्हर्टर, टाकीला थर्माकोलचं आवरण, पाण्याचा लॅब रिपोर्ट. एवढं करून पैसे उरले तर पीएचपुरता कंट्रोलर घ्या, अडवत नाही. ईसीचं डोसिंग मला अजूनही पटत नाही.

नाइटशिफ्ट (कुपवाड)
इन्व्हर्टर आहे, थर्माकोलही आहे. रिपोर्ट संध्याकाळी इथंच टाकतो, बायकार्बोनेटसकट, आम्ल तेच खातं. आठवडाभर किती आम्ल लागेल ते तुम्ही कागदावर काढा, माझा पंप किती सोडतो ते मी लिहून ठेवतो. तासगावच्या दादांनी दोन्ही तपासावं.

द्राक्षवाला_तासगाव
तपासतो की. छाटणीच्या आधी टाका फक्त.