घरातूनच व्यवसाय चालू ठेवावा की गाळा भाड्याने घ्यावा? (कोल्हापूर)

रंकाळाकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी फुलेवाडीत राहते आणि गेली काही वर्षे घरातूनच कांदा-लसूण चटणी, गोडा मसाला आणि मेतकूट तयार करून विकते. सुरुवात नात्यागोत्यातील घरांपासून झाली. आता राजारामपुरीतील दोन दुकानदार नियमित माल उचलतात आणि पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली कोल्हापूरची मंडळी कुरिअरने मागवून घेतात. मागणी वाढली याचे समाधान आहेच, परंतु आता हे काम घरात मावत नाही आणि पुढे काय करावे याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

चटणीचा हंगाम फेब्रुवारी ते मे. या काळात बैठकीच्या खोलीत ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीची पोती असतात, गच्चीवर देठ खुडलेल्या मिरचीचे वाळवण असते, स्वयंपाकघरात खोबरे, तीळ, धणे भाजणे चालू असते आणि जेवणाच्या टेबलावर वजनकाटा व पिशव्या सील करण्याचे यंत्र ठाण मांडून बसलेले असते. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. मिरची परतायला घेतली की त्या माडीवर दार लावून बसतात. मुलगी यंदा दहावीला आहे आणि अभ्यासासाठी मैत्रिणीकडे जाते. शेजाऱ्यांनी तोंडाने कधी तक्रार केलेली नाही, मात्र आमच्याकडे भाजणी सुरू झाली की त्यांच्या खिडक्या लागतात, हे मला दिसते.

दुसऱ्या बाजूने पाहता, घर होते म्हणूनच हा व्यवसाय उभा राहिला. भाडे नाही, अनामत नाही, मुलांकडे आणि वडीलधाऱ्यांकडे लक्ष राहते, आणि एखाद्या महिन्यात विक्री झाली नाही तरी देणेकरी दारात येत नाहीत. आता मुख्य रस्त्यालगतचा एक गाळा भाड्याने मिळतो आहे. यजमान म्हणतात, घ्यावा. सासरे म्हणतात, जून ते जानेवारी विक्री मंदावते, तेव्हा भाडे कुठून भरणार? दोघांचेही म्हणणे मला पटते, म्हणून निर्णय होत नाही. घरून व्यवसाय करणाऱ्यांनी, किंवा घरातून बाहेर पडलेल्यांनी, कृपया सविस्तर लिहावे.

लेखाजोखा यांचे उत्तर

ताई, मी लक्ष्मीपुरीत लहान व्यावसायिकांचे हिशेब आणि कर यांचे काम पाहतो. गाळ्याचा विचार करण्याआधी आपण एक आकडेमोड करावी, अशी विनंती आहे. घरातील जेवढी जागा व्यवसायाने व्यापली आहे, तेवढी जागा दुसऱ्याला दिली असती तर किती भाडे आले असते, ते चटणीच्या किलोमागच्या खर्चात धरा. आपली स्वतःची आणि घरच्या मंडळींची मजुरीही धरा. घरातून चालणाऱ्या बहुतेक व्यवसायांत हे दोन खर्च वहीत कधी चढतच नाहीत. त्यामुळे भाव कमी ठरतो, गिऱ्हाईक त्या भावाला सरावते, आणि पुढे खरोखरच भाडे भरण्याची वेळ येते तेव्हा प्रत्येक किलोवर तोटा दिसू लागतो. हे दोन्ही खर्च धरूनही आपल्या हाती काही उरत असेल तर गाळ्याचा विषय काढण्यात अर्थ आहे. उरत नसेल तर आधी भाव वाढवा, आणि त्या भावाला राजारामपुरीचे दुकानदार टिकतात का ते एक हंगाम पाहा.

आता नियमांविषयी. घरात केले म्हणून खाद्यपदार्थाला वेगळा न्याय नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली लहानातल्या लहान उत्पादकालाही नोंदणी लागते आणि तो चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. २०११ च्या नियमावलीत वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी ही साधी नोंदणी ठेवली होती आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते, त्यापलीकडे परवाना. अर्ज करताना चालू मर्यादा संकेतस्थळावर पाहून घ्यावी. वैधमापनशास्त्राच्या नियमांनुसार पाकिटावर निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष, तक्रारीसाठी संपर्क आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. याचा अर्थ असा की आपल्या घराचा पत्ता आणि फोन क्रमांक प्रत्येक पाकिटाबरोबर अनोळखी माणसांच्या हाती जातो. ज्या घरात दुपारी वृद्ध सासूबाई आणि मुलगी अशा दोघीच असतात, त्या घराने याचा विचार केलाच पाहिजे. गाळ्याच्या बाजूने मला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा हाच आहे.

गॅसकडेही लक्ष द्यावे. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, आणि तो राहत्या स्वयंपाकघरात ठेवणे कितपत सुरक्षित आहे हे आपल्या वितरकाकडून प्रत्यक्ष पाहणी करून घेऊन ठरवावे. विजेच्या बाबतीत मात्र घरच्या व्यवसायाला सवलत आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत, राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० युनिटांच्या आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांच्या आत असेल तर त्याला घरगुती दर लागू ठेवलेला आहे. मर्यादा ओलांडली की ती सवलत जाते. घरफाळ्याचेही विचारून ठेवा, कारण व्यवसायासाठी वापरात असलेल्या भागाची आकारणी महापालिका अनिवासी दराने करू शकते.

शिवणयंत्र यांचे उत्तर

मी शाहूपुरीत, कुंभार गल्लीपासून जवळ, घरातच ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. माझ्या कामात घर ही अडचण नाही, ते भांडवल आहे. बायका माप द्यायला संकोच न करता येतात, दोन घटका बसतात, आणि त्यातूनच पुढची गिऱ्हाइके मिळतात. मुले लहान असताना त्यांना झोपवून मी रात्री काम उरकत असे. दुकान असते तर ते शक्य झाले नसते. आमच्या गल्लीतील कुंभारांचेही तसेच आहे. गणपतीच्या मूर्ती पिढ्यान्पिढ्या राहत्या घरात आणि अंगणात घडत आल्या आहेत, घरातले प्रत्येक माणूस त्यात हात घालते, आणि रंगकाम कुठवर आले हे पाहायला कोणाला लांब जावे लागत नाही.

परंतु घरात धंदा असला की धंद्याला वेळ राहत नाही. सणाच्या आदल्या रात्री, जेवणाच्या पानावर असताना, आजारपणात, केव्हाही घंटा वाजते, आणि "घरीच तर असता" हे वाक्य गिऱ्हाईकही बोलते आणि नातेवाईकही. मी दारावर वेळेची पाटी लावली आणि ती स्वतः पाळली. सुरुवातीला काही जणी नाराज झाल्या, पण काम चांगले असल्यामुळे परत आल्या. आपल्याकडे दुकानदारांचा माल जातो, त्यामुळे आपण तर आठवड्याचे दोन वार ठरवूनच टाकावेत.

याहून महत्त्वाचे सांगायचे आहे ते पुराचे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली. घरात पाणी शिरले तेव्हा गिऱ्हाइकांची कापडे, अस्तरे, दोन यंत्रे, सर्व तळमजल्यावर होते. कपाटातल्या पैठण्या वाचल्या. खाली गाठोडी बांधून ठेवलेले कापड गाळात गेले. घराचा विमा होता, पण विमा कंपनीने कळवले की तो राहत्या घरातील वस्तूंचा आहे, व्यवसायाच्या मालाचा नाही. लोकांच्या कापडाची भरपाई मला पदरची करावी लागली. २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले तेव्हा माल नातेवाइकांच्या घरी, उंचावर होता. एप्रिल २०२१ पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि लहान व्यवसायासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ अशा दोन वेगवेगळ्या प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहेत. घरात ठेवलेला व्यवसायाचा माल दुसऱ्या पॉलिसीत येतो. आपली मिरची आणि तयार चटणी घरात राहो किंवा गाळ्यात, तिचा विमा आपण स्वतंत्रच उतरवावा. गाळा तळमजल्यावर असेल तर दोन्ही वर्षी तिथे पाणी आले होते का, हे मालकाला न विचारता शेजारच्या दुकानदाराला विचारा.

आणखी एक. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, विनाशुल्क आहे आणि आधार क्रमांकावर होते. ती स्वतःच्या नावाने करा आणि बँकेतले खाते वेगळे ठेवा. घरात केलेल्या बाईच्या कामाला घरचे लोकही "फावल्या वेळातला उद्योग" म्हणतात. खात्यावर जमा झालेली रक्कम दाखवल्यावर ते बोलणे थांबते, आणि कर्ज मागायला गेल्यावर बँकही तेच कागद मागते.

हुपरीकर यांचे उत्तर

आमच्या हुपरीत चांदीचे काम घराघरांतून चालते, त्यामुळे हा प्रश्न आम्ही जन्मापासून पाहत आलो आहोत. लेखाजोखा यांनी हिशेबाचे जे लिहिले आहे ते अगदी योग्य आहे. घरच्या बायका-मुलांची मजुरी कोणी मोजत नाही, म्हणून बाहेरचा व्यापारी मजुरीचा दर पाडतो आणि तो दर साऱ्या गावाला लागू होतो. एका घराने भाव कमी धरला की नुकसान त्या घरापुरते राहत नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

मात्र घर की गाळा अशी सरळ निवड करावी लागते, हे मला मान्य नाही. पैंजणाचे काम पाहा. चांदी आटवणे, आम्लाने उजळणे ही धुराची आणि वाफेची कामे जाणत्या घरांनी राहत्या जागेपासून दूर नेली. घुंगरू जोडण्यासारखी बैठी कामे घरातच राहिली. आपणही कामाचे तुकडे करावेत. ज्या कामाचा ठसका सासूबाईंना बसतो ते भाजणे आणि कांडणे एवढेच घराबाहेर न्यायचे आहे. देठ खुडणे, निवडणे, वजन करणे, पाकिटे भरणे यांना गाळा लागत नाही. हंगामात अनेक कांडप केंद्रे भाजण्यासह काम घेतात. त्यांच्याशी चार महिन्यांचा दर आधी ठरवावा, आपले माणूस समोर उभे करावे आणि आपल्या मालाच्या आधी यंत्र झाडून घेतले आहे याची खात्री करावी, कारण आधीच्या गिऱ्हाइकाच्या लवंगी मिरचीचा अंश राहिला तर आपल्या ब्याडगीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही बिघडतात. केंद्राची अन्नसुरक्षा नोंदणी आहे का, हेही पाहावे. असे केले तर सासरे म्हणतात तो आठ महिन्यांच्या भाड्याचा प्रश्नच उरत नाही.

पुढे स्वतःचे यंत्र घ्यायचे झाले तर केंद्र सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेची चौकशी जिल्हा कृषी कार्यालयात करावी. तीत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी जोडलेले अनुदान ठरवले होते. कोल्हापूर जिल्ह्यासाठी त्या योजनेत गूळ हे उत्पादन निवडलेले असले तरी इतर अन्नप्रक्रियेचे अर्जही त्यात घेतले गेले आहेत. योजना मुदतीची आहे, म्हणून सध्याची स्थिती तिथेच विचारावी.

रंकाळाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, मनापासून आभार. भाजणे-कांडणे बाहेर नेण्याचा मार्ग घरात सर्वांना पटला आहे. सासऱ्यांनी आजच एका केंद्रावर जाऊन दर विचारला. गाळ्याच्या मालकांना या हंगामापुरते नाही म्हणून कळवते आहे. लेखाजोखा साहेब, एक शंका राहिली. निपाणीतील एका दुकानदाराने दरमहा माल मागितला आहे. निपाणी इथून तासाभराच्या अंतरावर आहे. माझी उलाढाल जीएसटीच्या मर्यादेच्या बरीच आत आहे, तेव्हा माल पाठवायला हरकत नाही ना?

लेखाजोखा

हरकत आहे, ताई, आणि आपल्या भागात ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. मालाच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात ४० लाख रुपयांपर्यंत नोंदणीतून सूट आहे, परंतु ती राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांना. निपाणी कर्नाटकात येते. पुण्याला कुरिअर केले तर ती राज्यांतर्गत विक्री आणि निपाणीला टेम्पोने पाठवले तर आंतरराज्य, अंतर कितीही कमी असो. आंतरराज्य विक्री करणाऱ्याला मसाल्यासारख्या मालासाठी पहिल्या रुपयापासून नोंदणी घ्यावी लागते. एकरकमी कराची कंपोझिशन योजना घेऊनही हे साधत नाही, कारण त्या योजनेत राज्याबाहेर माल विकता येत नाही. म्हणजे नियमित नोंदणी, वेळेवर विवरणपत्रे, आणि मग राजारामपुरीच्या बिलांवरही कर. निपाणीचा दुकानदार महिन्याला किती किलो घेणार, हे त्याच्याकडून आधी लेखी घ्या आणि तो आकडा मला कळवा; नोंदणीचा वार्षिक खर्च त्या नफ्यातून निघतो का, ते आपण मांडून पाहू. तोवर माल पाठवू नका.