मदत हवी आहे: शाळेत बी-बॉट आलेत, पण त्यातून गणित कसं काढू?

तिसरीच्या_बाई

नमस्कार. केज तालुक्यात जि.प. शाळेवर आहे. दुसरी-तिसरी एकत्र माझ्याकडे, पट ३४. एका कंपनीच्या निधीतून शाळेला दोन बी-बॉट मिळालेत. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: मधमाशीसारखं पिवळं-काळं, चाकांवर चालणारं यंत्र, पाठीवर बटणं. पुढे किंवा मागे दाबलं की १५ सेंमी सरकतं, डावं-उजवं दाबलं की जागच्या जागी काटकोनात वळतं. सगळ्या सूचना आधी भरायच्या, मग मधलं हिरवं बटण. मोबाईल, स्क्रीन काही लागत नाही.

लेकरं खूश आहेत, पण नुसतं पळवायलेत. शहाबादी फरशीवर खडूने १५-१५ सेंमीच्या खुणा करून संख्यारेषा आखली. ३ वरून ७ वर न्या म्हटलं की निम्मी लेकरं पाच वेळा बटण दाबतात आणि यंत्र ८ वर जातं. वळणाचा तर पार गोंधळ. उजवं दाबलं की यंत्र उजवीकडच्या घरात जाईल असं वाटतं त्यांना. ते तिथंच गिरकी घेऊन थांबतं आणि लेकरं म्हणतात, "बाई, बिघडलं."

दिवाळीनंतर बरीच लेकरं आई-बापासोबत ऊसतोडीला जातील. त्याआधी काहीतरी पदरात पडावं असं वाटतं. कुणी वर्गात वापरलंय का?

गणितवेडा_लातूर

मॅडम, पाच वेळा दाबणारी लेकरं उभं असलेलं घरसुद्धा मोजायलीत. त्यांना सापशिडी खेळायला बसवा. सोंगटी ज्या घरात आहे ते घर कुणीच मोजत नाही, आणि मोजलं तर समोरचा भांडतो. तोच नियम इथं आहे हे त्यांचं त्यांना सापडू द्या. संख्यारेषेवर ३ आणि ७ च्या मधल्या उड्या मोजायच्या, आकडे नाही.

वजाबाकीला 'मागे' बटण वापरा. यंत्राचं तोंड मोठ्या संख्येकडेच राहू द्या. तोंड फिरवून 'पुढे' दाबायला लावलंत तर दोन गोष्टी एकदम अंगावर येतील.

आणि प्रत्येक वेळी फुलीचं बटण दाबून जुनं पुसायला सांगा, नाहीतर नवीन सूचना जुन्याच्या पुढे जोडल्या जातात. 'बिघडलं'पैकी निम्म्या तक्रारी त्याच असतात.

उंबरठा

वळणासाठी आमच्याकडे यंत्राच्या उजव्या बाजूला लाल टिकली लावली होती, लेकरांच्या उजव्या मनगटावरही एक. लगेच फरक पडला.

निवृत्त_मास्तर_परभणी

टिकलीशी मी सहमत नाही. यंत्र समोरून आपल्याकडे येत असताना त्याचं उजवं आपल्या डावीकडे असतं, हे डोक्यात फिरवणं म्हणजेच तिथलं गणित आहे. टिकली ते काम लेकराऐवजी करते. त्यापेक्षा अंगणात चौकटी आखा, एक लेकरू यंत्र बनेल, दुसरं हुकूम देईल. 'उजवीकडे वळ' म्हटल्यावर यंत्र झालेल्याने पाऊल टाकलं तर बाद. सेमूर पेपर्ट हे गणितज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये लोगो ही मुलांसाठीची संगणकाची भाषा केली, पुढे तिच्या हुकमावर जमिनीवर चालणारं कासव आलं. त्यामागचा विचार हाच होता, की लेकराने स्वतः कासव होऊन वळून पाहावं. तुमची मधमाशी त्याच घराण्यातली.

३४ लेकरांचा प्रश्नही यातच सुटतो. दोन गट यंत्रावर, बाकीचे अंगणात. यंत्रापाशी जाण्याआधी कागदावर बाण काढून आणायचे आणि यंत्र कुठं थांबेल तिथं खडा ठेवायचा. अंदाज न लिहिता बटण दाबू दिलंत की तो खेळच राहतो.

उंबरठा

सर, बरोबर आहे. पण दुसरीच्या लेकरांना सुरुवातीला टिकली असू द्या, नंतर काढता येते.

तिसरीच्या_बाई

सर्वांचे आभार. खड्याचं उद्याच करते. टिकली फक्त दुसरीला लावून बघते. सर, काटकोनाशिवाय दुसरे कोन यात होतच नाहीत का? मोठ्या वर्गाचे गुरुजी त्रिकोण काढायचा म्हणतात.

निवृत्त_मास्तर_परभणी

बी-बॉटमध्ये नाही. त्यांना संगणकावर स्क्रॅच (मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा) किंवा पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं कासव द्या. समभुज त्रिकोणाचा कोन ६०° म्हणून मुलं ६०° वळवतात, आणि होतो षटकोन. वळायचं असतं बाहेरच्या कोनातून, १२०°. ही फजिती त्यांची होऊ द्या, आधी सांगू नका.

गणितवेडा_लातूर

मॅडम, संख्यारेषा पक्की झाली की १ ते १०० चा तक्ता घ्या. एक ओळ खाली म्हणजे १० वाढले, एक घर उजवीकडे म्हणजे १. दशक-एकक पायाखाली येतात. रोज खडूने आखण्यापेक्षा फ्लेक्स छापून घ्या, ५ बाय ५ फूट पुरतो. फक्त छापणाऱ्याला बजावा की घर बरोबर १५ सेंमीचं हवं, कडेला थोडी कोरी जागा सुटली तरी चालेल. पाच फूट म्हणजे १५२.४ सेंमी. त्याने तक्ता ताणून पूर्ण कापडावर बसवला तर दहा घरांत जवळपास अडीच सेंमीचा फरक पडतो.

तिसरीच्या_बाई

हे बरं सांगितलंत, सर. आमचा फ्लेक्सवाला सगळंच ताणतो.