फुटक्या बांगड्या चिकटवू नका, जोडा

जुन्या काकणांचे तुकडे डिंकाने नुसते पुठ्ठ्यावर चिकटवता येतात आणि दोन दिवसांत गळून पडतात, असं बरेच जण म्हणतात. डिंकाबद्दल पटलं. पण काच जोडायला डिंकाची गरजच नाही. आमच्या जळगावकडच्या घरात आजी फुटक्या बांगड्यांचा डबा जपायची आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशातली देवी कानबाई बसायची, तेव्हा चौरंगामागे त्याच काकणांच्या साखळ्या लोंबायच्या. तुकडा चिमट्यात धरून मधला भाग चिमणीच्या, म्हणजे रॉकेलच्या छोट्या दिव्याच्या, ज्योतीवर न्यायचा. काच आधी लाल होते, मग आपल्याच वजनाने वाकू लागते. दोन्ही टोकं भेटली की हलकेच दाबायची, झाली कडी. पुढचा तुकडा वाकवण्याआधी त्या कडीत ओवायचा, की साखळी वाढत जाते.

खरी गोम थंड करण्यात आहे. कडी तशीच फरशीवर ठेवली तर तडकते, कारण बाहेरची काच आधी आकसते आणि आतली मागे राहते. म्हणून चुलीतली कोमट राख वाटीत घ्यायची आणि कडी तीत पुरून ठेवायची. "पानीमा नको टाकू, तडकी जाई," हे आजी दरवेळी बजावायची. रॉकेलची काजळी कोरड्या फडक्याने निघते. स्पिरिटचा दिवा असेल तर काजळी धरतच नाही. प्लास्टिकच्या बांगड्या मात्र आधी वेगळ्या काढा, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. मी या दिवाळीत आकाशकंदिलाच्या शेपट्या याच हिरव्या काकणांच्या करतोय. वाऱ्यावर त्यांचा जो किणकिणाट होतो, तो कागदाला येत नाही.