फिडिक की बी-१? आधी नोटिशीचं बघा

फिडिक म्हणजे बांधकाम करारांचे आंतरराष्ट्रीय नमुने, तर बी-१ म्हणजे पीडब्ल्यूडीचा टक्केवारी दराचा करार. 'फिडिक ठेकेदाराच्या सोयीचं, पीडब्ल्यूडीचं बी-१ सरकारच्या' हे मत मला अर्धंच पटतं. फिडिकच्या २०१७ च्या रेड बुकात (त्यांच्या एका नमुना करारात) मालकाने नेमलेल्या इंजिनिअरने निर्णय देताना तटस्थ राहावं असं स्पष्ट लिहिलंय, हे खरं. पण त्याच करारात क्लेमची (जादा पैसे किंवा मुदत मागण्याची) नोटीस २८ दिवसांत गेली नाही तर ठेकेदाराचा हक्कच जातो. (मुदतीनंतर हक्क संपवणाऱ्या अटी रद्द ठरवणाऱ्या, आपल्या करार कायद्याच्या कलम २८ पुढे ही अट टिकते का, यावर वकील वाद घालतात. त्या भरवशावर राहू नका.)

घोडबंदरला खोदताना नकाशात नसलेली पाण्याची लाइन लागली, तर त्याच दिवशी फोटो काढा, साइट ऑर्डर बुकात नोंद करा, पत्र देऊन पोच घ्या. 'साहेब, लाइन लागलीय' असा व्हॉट्सॲप मेसेज नोटीस म्हणून धरून चालू नका. बी-१ असो वा बाबवार दरांचं बी-२, ही शिस्त तिथेही लागतेच.

ब्रिटिशांच्या एनईसी या नमुना करारात अडचणीची चाहूल लागताच ठेकेदार आणि प्रोजेक्ट मॅनेजर दोघांनीही एकमेकांना लेखी पूर्वसूचना द्यायची असते. आपल्या महापालिकांच्या करारांत हे कलम यायलाच हवं.