हँक ॲरन यांच्या स्वाक्षरीचा चेंडू : मोल कसे ठरवावे?

प्रश्न (उदगीर)

माझे थोरले काका नोकरीनिमित्त काही वर्षे अमेरिकेत अटलांटा येथे होते. 755 होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवून काढलेली धाव) काढणारे बेसबॉलपटू हँक ॲरन यांनी 1992 साली तेथील एका कार्यक्रमात त्यांना चेंडूवर काकांचे नाव लिहून निळ्या बॉलपेनने स्वाक्षरी करून दिली होती. त्या प्रसंगाचे छायाचित्र आणि त्याच आठवड्यात काकांनी आजोबांना उदगीरला पाठवलेले पत्र आमच्याकडे आहे. ॲरन 22 जानेवारी 2021 रोजी वारले आणि दोन वर्षांनी काकाही गेले. इंटरनेटवर अशा चेंडूंच्या मोठमोठ्या किमती दिसतात, त्यामुळे घरात विक्रीचा विचार सुरू झाला आहे. चेंडू दिवाणखान्यातील शोकेसमध्ये असल्याने शाई फिकट झाली आहे. चुलतभाऊ ती पेनने पुन्हा गिरवू म्हणतो. योग्य किंमत कशी समजावी?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)

कृपया अक्षरे गिरवू नका. स्वाक्षरीवर दुसऱ्याचा हात फिरला की ती ॲरन यांची राहत नाही, आणि ही चूक पुढे कोणालाही दुरुस्त करता येत नाही. चामडे ओल्या फडक्यानेही पुसू नये. चेंडू आजच शोकेसमधून काढून कपाटातील अंधाऱ्या, कोरड्या खणात ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे जे ऊन घरात येते, ते शाईचा सर्वांत मोठा शत्रू आहे.

आता किमतीविषयी. खेळाडू गेल्यावर त्याच्या वस्तूंची मागणी काही आठवडे वाढते आणि बहुधा ओसरते, कारण त्याच काळात अनेक जण आपापल्या वस्तू विक्रीला काढतात. बेसबॉलपटू रोबेर्तो क्लेमेंटे 31 डिसेंबर 1972 रोजी विमान अपघातात वयाच्या 38 व्या वर्षी गेले, म्हणून त्यांच्या स्वाक्षऱ्या मुळातच थोड्या आहेत. ॲरन यांनी मात्र निवृत्तीनंतर अनेक दशके चाहत्यांना स्वाक्षऱ्या दिल्या. त्यामुळे त्यांच्या साध्या चेंडूची किंमत काही शे डॉलरच्या आसपास राहते, लाखांत जात नाही. विक्रेत्याने मागितलेला आकडा पाहू नका. पूर्ण झालेल्या लिलावांत प्रत्यक्ष मिळालेली रक्कम पाहा.

मृत्यूपेक्षा पुरावा किती मोठा असतो, याचे उदाहरण जुन्या काळचे विख्यात बेसबॉलपटू बेब रूथ यांच्या जर्सीचे आहे. रूथ 1948 साली वारले. त्यांची जर्सी ऑगस्ट 2024 मध्ये 2 कोटी 41 लाख 20 हजार डॉलरला विकली गेली, कारण ती 1932 च्या वर्ल्ड सिरीजमधील (अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम विजेतेपदाच्या मालिकेतील) एका विशिष्ट सामन्यात घातली होती, हे जुन्या छायाचित्रांशी ताडून दाखवण्यात आले. क्रिकेटमध्ये तर शेन वॉर्न हयात असतानाच, जानेवारी 2020 मध्ये, त्यांची टोपी वणवाग्रस्तांच्या मदतीसाठी 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक किमतीला गेली होती.

उत्तर (नांदेड)

चेंडूवरील छापील सही पाहिली का? त्या काळी नॅशनल लीगच्या (अमेरिकेतील दोन प्रमुख बेसबॉल लीगांपैकी एक) अधिकृत चेंडूंवर लीगच्या अध्यक्षांची सही छापलेली असे. 1989 ते 1994 या काळात बिल व्हाइट अध्यक्ष होते. ते स्वतः नामवंत खेळाडू होते आणि त्या पदावरचे पहिले कृष्णवर्णीय. त्यांचे नाव असेल तर काकांच्या पत्रातील सालाला चेंडूच दुजोरा देईल. ही खातरजमा अनाठायी नाही, कारण अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत बनावट स्वाक्षऱ्यांची मोठी टोळी उघड केली, तेव्हा मदर तेरेसा यांच्या नावाने सही केलेले बेसबॉलसुद्धा सापडले होते.

चेंडूवर काकांचे नाव असल्याने बाजारभाव थोडा घटेल. पण खोटी सही करणारा सहसा अनोळखी माणसाचे नाव घालत नाही, म्हणून तेच नाव आपल्या बाजूचा पुरावा ठरते. स्वाक्षऱ्यांची सत्यता तपासणाऱ्या पीएसए किंवा जेएसएसारख्या अमेरिकी संस्थेकडून तपासणी करून घेता येते. मात्र शुल्क, टपाल आणि विमा यांचा खर्च आधी काढा, कारण या किमतीच्या वस्तूसाठी तो हिशेब कधीकधी जुळत नाही. पत्र व छायाचित्र चेंडूपासून वेगळे होऊ देऊ नका.

प्रश्नकर्ता (उदगीर)

दोघांचेही मनापासून आभार. भिंगाखाली बिल व्हाइट यांचे नाव स्पष्ट वाचता आले. छायाचित्राच्या मागे काकांच्या अक्षरात तारीखही निघाली, आणि ती पत्राच्या तीन दिवस आधीची आहे. तिन्ही वस्तू एका डब्यात ठेवून डबा कपाटात ठेवला आहे. चुलतभावाने आपली उत्तरे वाचली आणि गिरवण्याचा विषय सोडला. विक्रीचा निर्णय काकू घेतील, कारण चेंडू त्यांचा आहे.