बर्गमनच्या कबरीजवळ डबा नको

जिओकॅशिंगसाठी (GPS वरून लपवलेले डबे शोधायचा खेळ) स्वीडनमधल्या फॉऱ्यो बेटावरच्या चर्चच्या आवारात, दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या कबरीच्या दगडाआड चुंबकी नॅनो (अगदी चिमुकला डबा) लपवायची सूचना वर आली आहे. कल्पना छान, पण कबरीपाशी काहीच ठेवू नका. लोक दगड हलवतात, माती उकरतात, आणि कोणी तक्रार केली की कॅश (लपवलेला डबा) बंद होते. त्यापेक्षा मल्टी (टप्प्याटप्प्याने सापडणारी कॅश) करा: स्मशानात फक्त दगडावरचं वाचायचं, डबा बाहेर रस्त्याकडेला. नुसतं वाचायच्या टप्प्याला दोन डब्यांमधल्या 161 मीटर अंतराचा नियम लागत नाही, तो प्रत्यक्ष डब्यांना लागतो. चर्चची परवानगी मात्र तरीही घ्याच.

खरी गोम डब्याचे अक्षांश-रेखांश काढायच्या गणितात आहे. 1918 आणि 2007 ही बर्गमनच्या जन्म-मृत्यूची सालं कोणीही घरबसल्या शोधेल, म्हणून निदान एक अंक जागेवरच मोजायला लावा. फाटकाचे गज चालतील. फुलं, पणत्या नकोत, त्या रोज बदलतात. बुटका दगड बर्फात गडप होतो, तेही लक्षात घ्या. बायको इंग्रिड त्याच्याच शेजारी आहे, 1995 साली गेलेली. कोणाचं साल हवं ते स्पष्ट लिहा, नाहीतर लोक 1982 साली गेलेल्या अभिनेत्री इंग्रिड बर्गमनचे आकडे घालतात (ती वेगळी!). अक्षांश-रेखांशातल्या मिनिटाच्या पहिल्या दशांशात एकाची चूक झाली तर तिथे उत्तर-दक्षिण 185 मीटर आणि पूर्व-पश्चिम साधारण 98 मीटर भरकटायला होतं. त्यामुळे सगळ्या अंकांची बेरीज पडताळ्यासाठी द्याच. डब्यात पेन्सिल ठेवा, थंडीत पेन चालत नाही.